‘उष्णतेची हानी नगण्य माना’ – पण कुठवर?

उष्णतेच्या धड्याखालची उदाहरणे सोडविताना एक वाक्य तुमच्या चांगल्याच ओळखीचे झाले असेल : ‘उष्णतेची हानी नगण्य माना.’ ते वाचले की हायसे वाटते. वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार केला, की उत्तर तयार आणि गुणही पदरात! महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविताना माझे मत असे बनत गेले आहे, की या एका वाक्याने आपले जेवढे नुकसान केले, तेवढे अवघड गणितांनीही केलेले नाही. वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे, तर ते कुठवर खरे आहे हे कोणी विचारीत नाही म्हणून.

झटपट तापविण्यासाठी कारखान्यांत वापरतात तो अवरक्त दिवा घ्या. क्वार्ट्‌झच्या नळीत टंगस्टनची तार असते. वीज सुरू करताच एकदोन सेकंदांत ती सुमारे २४०० केल्व्हिनपर्यंत तापते आणि तिच्यातून प्रारण बाहेर पडू लागते. त्याचा सर्वाधिक जोर १.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात असतो. मधली हवा तापण्याची वाट पाहावी लागत नाही. ऊर्जा थेट वस्तूवर जाऊन पडते. मोटारीचा रंग वाळविण्यापासून सिलिकॉनच्या चकत्या तापविण्यापर्यंत अशा दिव्यांचा उपयोग होतो.

आता १० सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद आणि १ मि.मी. जाड असा काळवंडलेला लोखंडी पत्रा अशा दिव्यांखाली टांगला आहे आणि त्यात दर सेकंदाला १००० ज्यूल ऊर्जा शोषली जाते, असे समजा. पत्र्याचे वजन सुमारे ७९ ग्रॅम. त्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ३५ ज्यूल लागतात. म्हणजे दर सेकंदाला २८ अंशांची वाढ. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. आपल्या पाठ्यपुस्तकी हिशेबाने हा पत्रा मिनिटभराच्या आतच वितळू लागला पाहिजे!

प्रत्यक्षात तो कधीच वितळणार नाही. तापलेला पत्रा स्वतःही प्रारण बाहेर टाकीत असतो, आणि ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. योझेफ स्टेफानने हा नियम १८७९ मध्ये मांडला; १८८४ मध्ये बोल्ट्‌समनने त्याची सैद्धांतिक सिद्धता दिली. पत्रा २७ अंशांवरून ३७ अंशांवर आला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रारणाने होणारी निव्वळ हानी जेमतेम १.३ वॅट असते. हजारात सव्वा! इथे ‘नगण्य माना’ म्हणणारा पेपर काढणारा अगदी बरोबर आहे. पण पत्रा पूर्णपणे काळा धरला, तर ७०० अंशांच्या सुमारास हीच हानी १००० वॅटच्या घरात जाते. आवक तेवढीच जावक. तापमान तिथेच थबकते. हवेकडे जाणारी उष्णता धरली तर त्याही आधी. एकच पत्रा, एकच दिवा. सुरुवातीला बरोबर असलेले गृहीतक शेवटी पार कोसळते.

गणिती प्रतिमान म्हणजे दुसरे काय असते? जमाखर्चाची वही. कोणती रक्कम किरकोळ म्हणून सोडली, हे वहीत लिहून ठेवले नाही, तर दिवाळे कधी निघाले तेही कळत नाही. हल्ली संगणकावर तापमानाची रंगीबेरंगी चित्रे काढता येतात आणि माझे विद्यार्थी ती मोठ्या हौसेने दाखवितात. पृष्ठभागाची उत्सर्जकता किती धरली, असे विचारले की मात्र गप्प! चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा अवरक्त प्रारणाचा दहावा हिस्सासुद्धा शोषत नाही. तिथे १ हा आकडा घातला, तर चित्र कितीही देखणे असो, त्याचा उपयोग काय?

सिलिकॉनची तऱ्हा तर आणखी वेगळी. इलेक्ट्रॉनिक चिप बनविताना त्याच्या पातळ चकत्या दिव्यांखाली काही सेकंदांत १००० अंशांच्या आसपास नेतात. पण थंड सिलिकॉन सुमारे १.१ मायक्रॉनपलीकडील किरणांना बरेचसे पारदर्शक असते. दिव्याच्या प्रारणाचा मोठा भाग त्यातून सरळ आरपार जातो. चकती तापत जाते तसतशी ती जास्त शोषू लागते आणि ६००-७०० अंशांच्या पुढे जवळजवळ अपारदर्शक होते. म्हणजे शोषणाचा आकडाही स्थिर नाही, तोच तापमानावर अवलंबून! त्यातच चकतीची कड मध्यभागापेक्षा जास्त उष्णता गमावते. ती थंड राहिली, तर ताण येऊन स्फटिकाची रचना बिघडते. म्हणून दिव्यांची वर्तुळे करून प्रत्येकाची शक्ती वेगळी राखावी लागते.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. ‘हानी नगण्य माना’ हे वाक्य खुशाल ठेवा. पण त्याखाली एक उपप्रश्न घाला : ‘कोणत्या तापमानापर्यंत?’ नववी-दहावीच्या मुलांना चौथा घात झेपणार नाही, हे मला पटत नाही. गुणाकारच तर आहे तो.

आणि मुलांनो, तुम्ही घरचा १०० वॅटचा जुना तारेचा दिवा घ्या. तो होल्डरमधून काढून, थंड असताना त्याचा रोध मल्टीमीटरने मोजा. सुमारे ४० ओहम भरेल. (लागलेल्या दिव्याला मीटर मुळीच लावू नका!) २३० व्होल्टवर १०० वॅट, यावरून पेटलेल्या तारेचा रोध ५२९ ओहम निघतो. टंगस्टनचा रोध साधारणपणे निरपेक्ष तापमानाच्या १.२ घाताप्रमाणे वाढतो, एवढे धरून तारेचे तापमान काढा. अडीच हजार केल्व्हिनच्या आसपास आले, तर तुमचा हिशेब जमला. मग तारेतून बाहेर पडणाऱ्या त्या १०० वॅटांचा जमाखर्च वहीत मांडा आणि तुम्ही काय काय नगण्य मानले, ते शेजारी लिहा.