भरू का थांबू?

मार्च आला की आपल्या हॉस्टेलात दोन टेन्शन असतात. एक सबमिशनचं, दुसरं सोसायटीचं. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्या शहरी पोराला दुसरं मुद्दाम समजून घ्यावं लागलं. पारोळा-चोपड्याच्या, शिंदखेडा-साक्रीच्या पोरांना ते लहानपणापासून पाठ!

गावची विकास सोसायटी जिल्हा बँकेचं पीककर्ज देते. वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज. मुदत हुकली की सवलत गेली, आणि थकबाकीदाराला नवीन कर्ज मिळणंही कठीण. मग जूनमध्ये बी-खत उधारीवर, नाहीतर सावकार आहेच.

आता नोव्हेंबर २०२४ आठवा. महायुतीने विधानसभेला कर्जमाफीचं आश्वासन दिलं, लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू म्हणाले. निवडून आले, ५ डिसेंबरला फडणवीसांचा शपथविधी झाला. १० मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ना कर्जमाफी, ना २१००. महसुली तूट मात्र ४५,८९१ कोटी, डोक्यावर कर्ज ९ लाख कोटींच्या वर. आणि २८ मार्चला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार म्हणाले की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. तीन दिवस आधी!

माझ्या रूममेटच्या आप्पांचा त्या आठवड्यात रोज फोन. "काय रे भाऊ, भरू का थांबू?" इंजिनिअरिंगच्या पोराने काय सांगावं?

तिजोरीची ओढाताण आहे हे मला मान्य आहे. पण ती काय एका रात्रीत झाली? सरकार नुसतं म्हणायला नवीन. शिंदे, फडणवीस, पवार, माणसं तीच, फक्त खुर्च्यांची अदलाबदल. जून २०२४ चं बजेट पवारांनीच मांडलेलं, लाडकी बहीण त्यातच आलेली. म्हणजे प्रचाराच्या वेळी आकडे हातात होते. आपण व्हायवाला असं उत्तर दिलं तर सर जर्नल फेकून देतील!

काही जण म्हणतात, फुकट वाटलं की असंच होणार. हे मला पटत नाही. त्या दीड हजारात कितीतरी आयांचा किराणा येतो. कर्जमाफी हा कायमचा इलाज आहे का, हा वाद वेगळा. २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, तरी गाडी परत तिथेच. पण देणं जमणार नसेल तर मत मागतानाच सांगायचं ना.

त्यात कापूस. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० जाहीर झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पुढे ते डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. नेमकं आपल्या खान्देशात वेचणी चालते तेव्हा! राज्यातही त्यांचंच सरकार. हमीभाव कागदावर, पण भाव पडला तर व्यापारी तो थोडाच देतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला बच्चू कडूंचं आंदोलन झालं, रस्ते अडले, तेव्हा कुठे तारीख मिळाली. ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ. हेच आधी सांगितलं असतं तर आप्पांना मार्चमध्ये ठरवता आलं असतं. आशेवर थांबला तो थकीत झाला. ज्याने घरातलं सोनं मोडून भरले त्याचं काय? २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं होतं. ते खात्यात पडायला २०२२ उजाडलं.

आप्पांनी शेवटी भरले. बैल विकून.