दोष कार्डाचा कीं पुरवठ्याचा?

आमच्या पुतण्यानें शिकवण्यांच्या कमाईंतून आरटीएक्स ३०६० हें ग्राफिक्स कार्ड आणून जुन्या संगणकांत बसविलें. लेखनवाचन बिनबोभाट चाले. खेळ सुरू होतांच मात्र यंत्र एकाएकीं बंद पडे. ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, व्यर्थ! 'तूं फसलास' असें घरांत सर्वांनीं त्यास ऐकविलें. आम्हीहि त्यांत होतों. वस्तुतः हें कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेतें. मदरबोर्डावरील खांचेंतून फार तर ७५ वॅट मिळतात; उरलेली वीज पॉवर सप्लायच्या तारेनें येते. उत्पादक ५५० वॅटचा सप्लाय सुचवितात. आमचा ३०० चा, तोहि जुनाट. ओझें पडतांच तो हात टेकी! नवा सप्लाय बसविल्यापासून यंत्र बंद पडलेलें नाहीं. पुतण्या मात्र आमच्याशीं अद्याप मोजकेंच बोलतो.