आखाड्याच्या गांवांतील अंथरुणावरचें मूल

अमरावतीस व्यायामाचें महत्त्व कोणी सांगावयास नको. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं येथें जो आखाडा घातला त्यांतूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें राहिलें, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं त्याच्या पथकानें देशी खेळ जगास दाखविले. याचा अभिमान वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांस आहे, आम्हांसही आहे. परंतु ज्या मुलास व्यायामाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वांट्यास तो येऊं नये, हें या अभिमानास शोभतें काय?

आम्ही बोलतों तें सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांविषयीं. मूल अपुऱ्या दिवसांचें जन्मलें, जन्मतांना श्वास कोंडला, किंवा कावीळ मेंदूपर्यंत पोंचली, म्हणजे कोवळ्या मेंदूस इजा होते व स्नायूंवरील ताबा बिघडतो. ही इजा पुढें वाढत नाहीं; वाढतें तें शरीर. हाडें लांबतात, ताठलेले स्नायू त्या वेगानें लांबत नाहींत. मग टाच उचलली जाते, गुडघा आखडतो, खुबा जागेवरून सरकतो. पुष्कळ मुलांची बुद्धि शाबूत असते, आणि हें सारें त्यांस कळत असतें. म्हणून "मोठा झाला म्हणजे चालेल" हा वडीलधाऱ्यांचा धीर म्हणजे धीर नव्हे, दवडलेला काळ होय.

"प्रारब्धापुढें आमचें काय चालणार?" असें कोणी म्हणेल. मोडलेल्या हाडाच्या वेळीं हें प्रारब्ध कोणास आठवत नाहीं. दुसरा पक्ष उलट टोकाचा: दागिने मोडून नव्या इंजेक्शनाच्या शोधांत शहरोशहरीं हिंडणारा. मूळपेशींचा उपचार रक्ताच्या कांहीं विकारांखेरीज अन्यत्र प्रायोगिकच समजावा, असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१७ सालीं स्पष्ट बजावलें. तरीही आशेचा बाजार चालूच आहे. तिसरा पक्ष सर्वांत सभ्य: पैसे देऊन घरीं माणूस बोलवावा, त्यानें अर्धा तास मुलाचे हातपाय ओढावे, आणि आपण निश्चिंत व्हावें.

आमचा खरा वाद या तिसऱ्या पक्षाशीं आहे. दुसऱ्यानें ओढल्यानें पायास चालणें येत नाहीं. मुलानें स्वतः, आपणांस हव्या असलेल्या कामासाठीं, पुन्हां पुन्हां हालचाल केली तरच ती अंगीं मुरते. गेल्या कांहीं वर्षांतील संशोधनाचा रोख हाच आहे. एका बाजूनें अधू असलेल्या मुलाचा चांगला हात थोडा वेळ अडकवून ठेवून अधू हातास कामास लावतात, तें याच तत्त्वावर. आखाड्यास हें नवें आहे काय? वस्तादानें जोर काढले म्हणून शिष्याचे दंड भरत नाहींत! फिजिओथेरपी जाणणारा मनुष्य हा वस्तादच. त्यानें मुलाची ताकद पारखून काम नेमावें, आईबापांस शिकवावें. मग वाटी उचलणें, चेंडू फेकणें, पायरी चढणें हाच घरचा रोजचा आखाडा. प्रत्येक मूल चालेल असें वचन आम्ही देत नाहीं. कांहींस चाकाची खुर्चीच लागेल. परंतु नीट बसतां येणें, आपल्या हातानें घास घेणें, हें लहान आहे असें कोण म्हणेल?

सरकारनेंही आपली जबाबदारी मान्य केलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशा मुलांच्या लवकर तपासणीची व जिल्हा केंद्राची योजना आहे. निरामय विम्यांत लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. २०१६ च्या कायद्यांत या व्याधीचें नांव आहे. पण चिखलदऱ्याच्या आईनें मूल कडेवर घेऊन घाट उतरावा, तेल्हाऱ्याच्या मजुरानें रोज बुडवून अकोला गांठावें, आणि हें वर्षानुवर्षें करावें, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मूल जिल्ह्यास येण्याऐवजीं वस्ताद तालुक्यास गेला पाहिजे.

वझ्झर येथें शंकरबाबा पापळकरांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलांस घर दिलें. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्या बालगृहास नांव आहे तें अंबादासपंत वैद्यांचें! आखाड्याचा वारसा कोठवर पोंचला पाहिजे, हें त्या पाटीवरच लिहिलेलें आहे. पापळकरांचे सत्कार आम्ही हौसेनें करितों. आतां आपल्याच घरांतील, आपल्याच आळींतील मुलास अंथरुणावरून उचलून त्याच्यापुढें चेंडू टाकण्याचें तेवढें राहिलें आहे.