आहारसल्ल्यामागचा पुरावा एका जागी हवा

तान्ह्या मुलाला शेंगदाणा कधी द्यावा? अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तो तीन वर्षांपर्यंत देऊच नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सांगितले होते. लंडनचे गिडिऑन लॅक यांना मात्र वेगळेच दिसले. इस्रायलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा खाऊ लवकर मिळतो आणि तिथे ही अ‍ॅलर्जी फार कमी आढळते. त्यांनी धोका असलेल्या 640 बाळांची चाचणी घेतली. निकाल 2015 मध्ये आला. पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्या गटातील 17.2 टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती. लवकर खाऊ लागलेल्या गटात हे प्रमाण 3.2 टक्के होते. जुना सल्ला उलटा फिरवावा लागला.

शास्त्र पुढे सरकते तसा सल्ला बदलणारच. पण बदललेला सल्ला तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या आहारतज्ज्ञापर्यंत कोणी पोहोचवायचा? रोज डझनावारी रुग्णांचे पथ्य ठरवणाऱ्या माणसाने जगभरचे शोधनिबंध कधी वाचायचे?

कॅनडातील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने 2005 मध्ये यावर उत्तर शोधले. त्यांच्या ‘पेन’ या संग्रहाची मांडणी विषयवार पाठांऐवजी प्रश्नांची आहे, आणि तीही रुग्णासमोर बसल्यावर पडणाऱ्या प्रश्नांची. प्रत्येक प्रश्नाला नेमके उत्तर असते आणि त्यामागचा पुरावा भक्कम आहे की तोकडा, याची श्रेणी दिलेली असते. ही श्रेणीच सर्वांत मोलाची. ‘हे नक्की’ आणि ‘हे बहुधा’ यांतला फरक सल्ला देणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील संघटनाही पुढे या कामात सामील झाल्या.

भारतात पुरावा नाही, असे कोणी म्हणू नये. झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणी याच मातीतली. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना सहा महिने तांदूळ आणि डाळ असा जादा शिधा दिला, तर त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष छापला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे 528 अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारी 2017 ची कोष्टके आहेत. 2024 मध्ये तिने भारतीयांसाठी 17 आहारसूत्रेही दिली.

तरीही आहारतज्ज्ञाची अडचण सुटत नाही. ही सूत्रे मुख्यतः सर्वसाधारण लोकांसाठी आहेत आणि कोष्टके बहुतांशी कच्च्या पदार्थांची. समोर बसलेला माणूस मात्र आजारी असतो आणि तो खातो शिजवलेले. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पालेभाजी उकळून पाणी ओतून दिले, तर पोटॅशियम किती घटते? मधुमेही बाईला चतुर्थी सोडायची नाही. साबुदाण्याऐवजी वरी खाल्ली तर साखर कमी चढते का? साखर बंद करून गूळ घेतला तर चालेल का? गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तरी एक जण ‘थोडा चालेल’ म्हणतो, दुसरा ‘अजिबात नको’ म्हणतो, आणि गोंधळलेला रुग्ण व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवतो.

डॉक्टरांसाठी अशी सोय झालेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2019 पासून एकेका आजारावर एका पानाचे प्रमाणित उपचारक्रम काढले. आहारतज्ज्ञांच्या वाट्याला तेवढे तरी यावे. 2021 च्या कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेत अधिकृत स्थान मिळाले आहे. स्थान मिळाले की जबाबदारी येते, आणि जबाबदारीसाठी हाताशी खात्रीचा आधार लागतो.

हे काम परदेशी संग्रहाची वर्गणी भरून भागणार नाही. तिथल्या उत्तरांत ओट्स आणि ब्रोकोली असणार. इथे भाकरी, पिठले, आमटी आणि मासळी हवी. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था आणि इंडियन डायटेटिक असोसिएशन यांनी एकत्र बसून मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि क्षय या तीन आजारांपासून सुरुवात करावी. प्रश्न ओपीडीत काम करणाऱ्यांकडून मागवावेत, उत्तरांवर पुराव्याची श्रेणी आणि शेवटच्या तपासणीची तारीख छापावी. हा संग्रह सर्वांना विनामूल्य आणि मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळायला हवा.