शब्दांचीही सोयरीक जुळावी लागते

"मुलगा आपल्या रिलेशनमधलाच आहे," असं मावशी सांगते तेव्हा मुलगा नात्यातला आहे, एवढंच तिला म्हणायचं असतं. कॉलेजात जाणारी भाची मैत्रिणीबद्दल "ती रिलेशनमध्ये आहे" म्हणते, तेव्हा मामला वेगळा असतो. मराठी घरात हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली सुखाने नांदतात. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे प्रेमात असलेली मुलगी 'इन अ रिलेशनशिप' असते, आणि शेजाऱ्यांशी आपलं चांगलं जमतं हे सांगायला कोणी 'आय हॅव रिलेशन्स विथ देम' असं निरागसपणे म्हणालं, तर ऐकणारा चपापतो. 'हॅव' आणि 'रिलेशन्स' यांची जोडी जमली की तिचा रोख शरीरसंबंधांकडे जातो. जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मोनिका लेविन्स्की प्रकरणात केलेला इन्कार याच शब्दाच्या आधाराने उभा होता, आणि त्याच्या व्याख्येवरून पुढे कित्येक महिने कीस पडला.

लिंक, टाय, बाँड, रिलेशन, रिलेशनशिप, कनेक्शन. शब्दकोश उघडला तर या साऱ्यांसमोर 'संबंध', 'नाते', 'दुवा' हेच दोन-तीन शब्द आलटून पालटून दिसतात. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो, गुणही मिळवतो. वाक्य करायची वेळ येते तेव्हा मात्र कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे शेजार मनमानी नसतात. 'लिंक' म्हणजे मुळात साखळीची कडी. ती लोहाराच्या भट्टीत घडते, म्हणून इंग्रज 'लिंक' 'फोर्ज' करतो. भारत फोर्जच्या पुण्याला हे क्रियापद नवं नाही. गंमत अशी, की हाच 'फोर्ज' सहीला जोडला की खोटी सही होते आणि प्रकरण पोलिसांत जातं. 'टाय' म्हणजे बंध, बांधलेली दोरी. म्हणून 'टाइज' कापता येतात, सैल होतात आणि फारच बिनसलं तर 'सेव्हर' केले जातात. 'रिलेशन' हा शब्द अनेकवचनात आला की राजदूतांच्या बैठकीतला होतो: दोन देश ते प्रस्थापित करतात, ते ताणले जातात, तुटतात, पूर्ववत होतात. 'रिलेशनशिप' माणसांची, ती हळूहळू 'बिल्ड' करावी लागते. अर्थात तीही कधीकधी देशांमध्ये शिरते. ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतल्या फुल्टन इथल्या भाषणात चर्चिल यांनी ब्रिटन आणि अमेरिकेच्या 'स्पेशल रिलेशनशिप'चा उल्लेख केला, तेव्हापासून ती जोडी राजकारणात कायमची रुजली. तिच्या जागी 'स्पेशल लिंक' ठेवून पाहा, सगळा जिव्हाळा निघून जातो.

मुंबईकराला यातलं बरंचसं न शिकवता कळतं. वांद्रे-वरळी पूल २००९ मध्ये खुला झाला तो 'सी लिंक' म्हणून. त्याला 'सी कनेक्शन' म्हणायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. गोरेगाव-मुलुंड 'लिंक रोड' आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची 'मिसिंग लिंक' आहे. पण विमान बदलायचं असेल तर 'कनेक्टिंग फ्लाइट', आणि घरात गॅस, नळ, वीज यांचं 'कनेक्शन'. रस्त्याला लिंक आणि गॅसला कनेक्शन, हे रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, कारण हे शब्द त्यांच्या कानावर जोडीनेच पडले. एकेकटे पाठ केलेले नव्हते.

शाळेत नेमकं उलटं होतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या निर्णयावर तेव्हा रणं पेटली. कोणत्या इयत्तेपासून शिकवायचं, याचा काथ्याकूट अजून चालू आहे. कसं शिकवायचं, यावर त्याच्या पावपट तरी बोललं गेलं का? गाईडच्या पानावर अजूनही डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. ते बरोबरचं चिन्हच खोटं बोलतं.

खरी मेख असते मराठीच्या 'शी' या प्रत्ययात. कोणाशी संबंध, कोणाशी नातं, कोणाशी मैत्री, कोणाशी लग्न: एक 'शी' सगळा संसार रेटून नेतो. मग मराठी माणूस प्रत्येक 'शी'च्या जागी 'विथ' बसवतो आणि 'मॅरीड विथ', 'रिलेटेड विथ' असं बोलून जातो. इंग्रजीत 'मॅरीड टू', 'रिलेटेड टू' आणि तरीही 'रिलेशनशिप विथ'. दोघांमधला 'बाँड' मात्र 'बिट्वीन'. याला नियम सापडत नाही. सापडते ती फक्त सवय, आणि सवय लागायची तर शब्दाबरोबर त्याचा 'टू' किंवा 'विथ' पहिल्याच दिवशी वहीत उतरायला हवा.

ही काही नवी विद्या नाही. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये इंग्रजी शिक्षणाचं काम करताना हीच अडचण ओळखली आणि १९३३ मध्ये तोक्योत अशा शब्दजोड्यांचा मोठा अहवाल काढला. त्याचा सहकारी हॉर्नबी याने जपानमध्येच तयार केलेला कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आपल्या नावावर छापला. आज आपल्या शाळांच्या कपाटात दिसणारा जाड ऑक्सफर्ड कोश त्याचाच वंशज. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार भाषाविज्ञानात रुजवणारे जे. आर. फर्थ तर लंडनला नाव काढण्याआधी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. हा विचार ज्यांच्या उपयोगाचा, ते विद्यार्थी इथलेच होते. तरी तो आपल्या वर्गात काही आला नाही.

पत्रकारांनाही यातून सुटका नाही. इंग्रजी वैद्यकीय बातमीत अमुक पदार्थ कर्करोगाशी 'लिंक्ड टू' आहे असं लिहिलेलं असतं. संशोधकाने शब्द जपून वापरलेला असतो: दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एकामुळे दुसरी झाली असं त्याने म्हटलेलं नसतं. मराठीत उतरताना या 'लिंक'चा 'मुळे' होतो आणि सकाळी चहा घेताना वाचकाच्या पोटात गोळा येतो. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमध्ये मांडलं, तेव्हा त्यांनीही आधी संबंध दाखवला आणि मगच धूम्रपान हा त्यामागचा एक महत्त्वाचा घटक असल्याचा निष्कर्ष काढला. तो सर्वमान्य व्हायला पुढे अनेक वर्षांचा अभ्यास लागला. ही सावधगिरी मराठीला जमत नाही असंही नाही. इंग्रजी 'इन कनेक्शन विथ'साठी आपल्या गुन्हे वार्ताहरांनी 'चोरीप्रकरणी दोघांना अटक' ही बिनतोड रचना केव्हाच रुळवली. त्यात त्या दोघांनीच चोरी केली, असा आरोप कुठेही नाही. आरोग्याच्या पानावर 'शी संबंध आढळला' इतकं लिहायला दोन शब्दांची जागा जास्त लागते, बस्स.

गाईडवाल्यांना छपाईचा खर्चही वाढवावा लागणार नाही. डावीकडच्या रकान्यात 'टाय' या एकट्या शब्दाऐवजी 'फॅमिली टाइज', 'कट टाइज', 'क्लोज टाइज विथ' छापावं आणि उजवीकडे त्या आख्ख्या जोडीला मराठीत जे म्हणतात ते. परीक्षेत प्रश्नही तसाच विचारावा: अर्थ लिहा असा नको, गाळलेली जागा भरा असा, आणि गाळलेला शब्द 'टू', 'विथ' किंवा 'फोर्ज' यांसारखा असावा. गुणपत्रिकेचा धाक लागल्याशिवाय आपल्याकडे कोणतीच शिकवण्याची पद्धत बदलत नाही, तेव्हा सुरुवात दहावीच्या प्रश्नपत्रिकेपासून केलेली बरी.