घोरपडीचे पोट आणि खानदेशचे बांध

घोरपड पाळता येते, हा समज हल्ली मोबाईलवरच्या चित्रफितींमुळे पसरतो आहे. परदेशातला कुणी हौशी माणूस सोफ्यावर बसून आपल्या पाळीव घोरपडीला चिमट्याने उंदीर भरवतो, आणि यावल-रावेरच्या केळीच्या बागेत नाहीतर शिरपूर-साक्रीच्या माळावर सापडलेले पिल्लू आपणही का ठेवू नये, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपली घोरपड अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तिला पकडणेही कायद्याने शिकारच ठरते आणि शिक्षा 3 ते 7 वर्षांच्या कैदेची आहे. हौसेखातर पाळण्याचा परवाना कुणालाही मिळत नाही. पण नुसत्या धाकावर विषय संपवला, तर माणूस तेच काम चोरून करतो आणि आजारी जनावर डॉक्टरकडे न्यायलाही घाबरतो. म्हणून कायदा घटकाभर बाजूला ठेवून बोलू. कायदा नसता तरी घोरपड घरात ठेवणे चूकच ठरले असते, आणि त्याचा पुरावा तिच्या पोटातच आहे.

आपण जेवतो तेव्हा अन्न पचवायला लागणारी उष्णता आपले शरीर स्वतःच तयार करते. घोरपडीला ती सोय नाही. पोटातले पाचकरस नीट काम करायला अंग जवळजवळ 35 अंशांपर्यंत तापावे लागते, आणि ती ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून, मातीतून मिळवावी लागते. ती घास चावत नाही. उंदीर, खेकडा, बेडूक सबंध गिळते, हाडे, कवच, केस सगळ्यांसकट. पोटाबाहेरची ऊब मिळाली नाही, तर गिळलेले भक्ष्य पचण्याऐवजी आतच सडू लागते आणि जनावर ते ओकून टाकते, किंवा तुंबून मरते. तेव्हा तिचे पचन अर्धे तिच्या शरीरात चालते आणि अर्धे ती राहते त्या जमिनीवर. ही जमीन काढून घेऊन नुसते जनावर घरी आणणे म्हणजे अर्धे पोट बांधावर सोडून येणे आहे.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप ठरलेला: ‘जळगाव-भुसावळात उन्हाची काय कमी?’ मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, मग घोरपडीला आणखी काय हवे? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो उष्णता किती आहे एवढेच पाहतो. घोरपडीला हवी असते निवड. खानदेशातल्या उन्हाळ्यात रानातली घोरपड काय करते ते पाहावे. सकाळी ती नाल्याच्या दरडीवर पोट टेकून अंग तापवते, शेणाच्या पोखाली, पाचोळ्यात, बांधाच्या फटीत दुभंगलेल्या जिभेने वास घेत हिंडते, आणि ऊन चढले की बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत शिरते. भर दुपारी ती उघड्यावर थांबत नाही. तिला घाम येत नाही, आणि अंगाचे तापमान चाळिशीच्या फारसे वर गेले तर ती जगत नाही. बिळातली हवा गार आणि ओलसर असते, त्यामुळे अंगातले पाणी टिकते. गच्चीवर पत्र्याच्या पेटीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात हीच घोरपड ठेवली, की पळायला जागा उरत नाही. दुपारी ती भाजते आणि डिसेंबरात पारा दहाच्या आसपास आला की फरशीवर गारठते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडांतून युरिक आम्ल नीट बाहेर पडत नाही, ते सांध्यांत आणि अवयवांवर साचते. बंदिस्त घोरपडींत गाउट होतो तो अनेकदा असा. काचेआडून ऊन दाखवणारेही फसतात, कारण काच हाडांना लागणारे अतिनील किरण जवळपास अडवूनच टाकते.

दुसरा दावा खाण्याचा. घोरपड काहीही खाते, मग कोंबडीचे मांस, अंडी, हौस म्हणून दूध-पोळीही चालेल, असे सांगितले जाते. ती काहीही गिळते हे खरे, पण गिळणे आणि पचणे एक नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांची पिल्ले दूध पीतच नाहीत, त्यामुळे ते पचवण्याची व्यवस्थाही त्यांच्या पोटात नाही. पोळीचा पिष्टमय गोळा तिच्यासारख्या मांसाहारी आतड्याला निरुपयोगी. हाड काढलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. मग शरीर कॅल्शियम स्वतःच्याच हाडांतून ओढू लागते. काही महिन्यांत मागचे पाय थरथरतात, शेपटीला बाक येतो, जबडा बोटाने दाबला तर लवतो. आतड्याचे स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियम लागते, तेव्हा हाडांबरोबर पचनही ढासळते. मालकाला वाटते जनावर शांत झाले, माणसाळले. ते आजारी झालेले असते. रानात ती काय खाते हे वॉल्टर ऑफनबर्ग यांच्या 1994 सालच्या ‘द बंगाल मॉनिटर’ या ग्रंथात तपशिलाने आले आहे: भुंगेरे, त्यांच्या अळ्या, नाकतोडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, अंडी, उंदीर, क्वचित मेलेले ढोर. यातला बराच भाग कवचवाल्या बारीक जिवांचा आहे आणि तो दिवसभर हिंडून, उकरून, थोडाथोडा मिळतो. आठवड्यातून दोन गुबगुबीत उंदीर आणि चार फुटांची पेटी या बेताने यकृतावर चरबी चढते.

आता ‘ती माणसाळते’ या दाव्याकडे येतो. त्याच्यामागे आपली लाडकी आख्यायिका उभी आहे. 1670 साली सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांनी ‘यशवंती’ घोरपडीला दोर बांधून कडा चढवला, ही गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून घराघरांत पोहोचली. सभासदाच्या बखरीत मात्र ती नाही. तिथे मावळे आपल्या हिमतीवर कडा चढतात. मोठ्यातली मोठी घोरपड सहासात किलोंची, तिच्या नखांवर सशस्त्र माणसाचा भार कसा पेलला जाणार? घोरपड मागे ठेवल्याने त्या मावळ्यांचे कर्तृत्व कमी होत नाही, उलट त्यांचे श्रेय त्यांनाच मिळते. बंदिस्त घोरपड खाणे देणाऱ्या हाताची सवय करून घेते, हे मान्य. पण बिळात दडून राहणाऱ्या जनावराला त्या ओळखीतून सुख मिळते असे मानायला आधार नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परदेशात काही जण घोरपडीच्या जाती वर्षानुवर्षे निरोगी ठेवतात, त्यांची पिल्लेही होतात. खरे आहे. पण ते काय करतात ते पाहावे. निदान आठ फूट लांबीची बंद खोली, एका टोकाला 50 अंशांच्या वर तापणारी जागा, दुसरे टोक पंचवीस-तीस अंशांवर, बीळ पाडता येईल इतकी खोल ओलसर माती, अतिनील दिवे, अंग बुडेल एवढे पाणी, कीटकांचा रोजचा पुरवठा. एवढ्या खर्चाने ते बांध, दरड आणि बीळ यांचीच नक्कल उभी करतात. म्हणजे त्यांचे यश माझेच म्हणणे सिद्ध करते. आणि त्याच देशांत आफ्रिकेतली सवाना घोरपड स्वस्तात विकली जाते, उंदरांवर फुगवली जाते आणि पुरे आयुष्य न जगता मरते. नक्कल करणारे थोडे, मारणारे पुष्कळ. म्हणून ‘देशी नको तर परदेशी आणू’ ही पळवाटही मला मान्य नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे, पण नोंदणीच्या कागदाने पेटीत ऊब आणि ओल येत नाही.

मग घोरपडीच्या पोटाची काळजी घ्यायची कशी? तिची जागा राखून. खानदेशात हे फार अवघड नाही. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये आहेतच, पण घोरपड अभयारण्याची हद्द पाहून राहत नाही. ती तापी, गिरणा, पांझरेच्या काठांवर आणि शेतांच्या बांधांवर राहते. हुमणीच्या अळ्या आणि भुंगेरे, गोगलगायी, उंदीर हे तिचे जेवण आणि शेतकऱ्याची डोकेदुखी. ती कोंबडीची अंडी पळवते, हे नुकसान खरे आहे. पण खुराड्याला तळापासून बारीक जाळी लावली आणि अंडी वेळच्या वेळी उचलली, तर ते टळते. बांधावरचे वारूळ मात्र जेसीबीने सपाट केले, तर मोबदला काहीच मिळत नाही. पावसाळ्यात मादी बिळात, कधी वारुळातच अंडी घालते आणि पिल्ले बाहेर यायला कित्येक महिने लागतात, तेव्हा हिवाळ्यातली नांगरट पुढची पिढीच उकरून काढते. उंदरांसाठी पसरलेल्या विषाचेही तसेच: विष खाल्लेला उंदीर ती आतड्यासकट गिळते. शेताबाहेरचा धोका बाजारातला आहे: ‘हाथाजोडी’ या नावाने विकली जाणारी मुळी कित्येकदा वाळवलेले नर घोरपडीचे जननेंद्रिय असते, हे 2017 च्या छाप्यांत आणि डीएनए तपासणीत उघड झाले. देव्हाऱ्यात ते ठेवणारा माणूस नकळत घोरपडींच्या कत्तलीचे गिऱ्हाईक होतो.

‘जखमी किंवा एकटे पिल्लू सापडले तर काय, मरू द्यायचे?’ हा प्रश्न कळवळ्याचा आहे. घोरपडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यापासून एकटेच असते, आईची वाट पाहत नसते. धडधाकट असेल तर त्याला हात न लावता कुत्र्यांना तेवढे दूर ठेवावे. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात सावलीला ठेवावे, तोंडात पाणी, दूध किंवा मांस काहीही कोंबू नये, आणि त्याच दिवशी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. रब्बीची काढणी झाली की बांध पेटवण्याआधी आणि वारुळावर फावडे मारण्याआधी एकदा खाली वाकून पाहा: बिळाच्या तोंडाशी शेपटी ओढल्याची ताजी रेघ दिसली, तर तेवढा तुकडा तसाच राहू द्या.