आडवी बाटली कुणाच्या वस्तीत जिंकते?

अमेरिकेत व्हेपची दुकाने कोणत्या वस्तीत उघडतात, कुठे बंद पडतात आणि आजूबाजूला कोण राहते, यावर अभ्यास होत असतात. भारतात 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. आपल्याकडे हाच प्रश्न दारूच्या दुकानाला लावून पाहायला हवा.

मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा वाइन शॉप उघडायचे असेल तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. निर्णय चांगलाच आहे. पण ज्या वस्तीत सोसायटीच नाही, तिथे हरकत कुणी घ्यायची? तिथे दुकान आधी उघडते, बंद करण्याची लढाई नंतर सुरू होते. अशा वस्त्यांत आपले लोक किती आहेत, हे या वाचकांना सांगायला नको.

ही लढाई म्हणजे उभी बाटली, आडवी बाटली. वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या नावांच्या निम्मी! समजा यादीत 1000 बाया आहेत. त्यातल्या 300 भाडे परवडेना म्हणून दुसरीकडे गेल्या, कुणी लग्न होऊन गेली, कुणी वारली. नावे तशीच राहिली. आता उरलेल्या 700 मधून 501 बायांनी त्याच दिवशी येऊन आडवी बाटली निवडायची. म्हणजे जी आलीच नाही, तिचे मत दुकानदाराच्या पारड्यात. उलट नव्याने राहायला आलेल्या भाडेकरू बाईचे नाव गावच्या यादीत. रोज रात्री तमाशा तिच्या दारासमोर, पण मत नाही. स्थिर, स्वतःच्या घरांच्या वस्तीला हा नियम सोपा जातो. आमच्याकडच्या धुणीभांडी करणाऱ्या ताई तर सरळ विचारतात, त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार?

विहाराचेही तसेच. धार्मिक स्थळापासून ठराविक अंतरात दारूचा परवाना देता येत नाही. मात्र नियमात धार्मिक स्थळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या ताब्यातले स्थळ. वर्गणी काढून बांधलेल्या, रोज वंदना होणाऱ्या विहाराची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसेल, तर मोजमापाच्या वेळी ते हिशेबात धरले जाईलच असे नाही. कित्येक विहार समित्यांना हे दुकानाची पाटी लागल्यावर कळते.

म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी घेऊन घरोघर फिरावे लागते. मयत आणि कायमच्या गेलेल्यांसाठी नमुना 7, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना 8. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचा मोर्चा निघत नाही, फोटोही येत नाही. पण यादीतून 100 खोटी नावे गेली, तर जिंकायला 50 मते कमी लागतात.